मल्टिक्लास रोग: लेव्हल १ ते ८, कामाच्या नोंदी

३ मे २०२५

जूनच्या पहिल्या रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाची नवी मोहीम सुरू होतेय. डीएमने (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) अट आधीच घालून ठेवली आहे: लेव्हल १ ला सुरुवात, ८ ला शेवट, दिवाळीच्या आत सगळं आटपायचं. पाच जणांपैकी तिघांना रोग (Rogue, म्हणजे चोरट्याचा क्लास; क्लास म्हणजे पात्राचा पेशा) हवाय आणि तिघांनाही तो 'मिक्स', म्हणजे दुसऱ्या क्लासशी जोडलेला मल्टिक्लास, हवाय. पात्रं बांधायचं काम माझ्याकडे आलं. नियम २०१४ चेच. नवं प्लेयर्स हँडबुक सप्टेंबर २०२४ मध्ये आलं, पण आमच्या टेबलावर जुनीच पुस्तकं आहेत आणि ती आधी झिजवून मग बघू, असं ठरलंय.

कामाची एकच दिशा ठरवली. मल्टिक्लासचे जे आराखडे सगळीकडे फिरतात ते लेव्हल २० चे असतात. सहा या क्लासच्या, अकरा त्या क्लासच्या, तीन तिसऱ्याच्या, आणि शेवटी एका फेरीत अमुक इतका मार. विसाव्या लेव्हलचं पात्र म्हणजे रंगरंगोटी झालेला बंगला. आम्हाला बांधकाम चालू असताना त्यात राहायचंय. म्हणून प्रत्येक पात्राची आठ पानं करणार, लेव्हलगणिक एक. जे पात्र एखाद्या लेव्हलला नुसतं 'पुढे बघा कसं होतं ते' म्हणत बसून राहील, त्याचा क्रम बदलायचा.

५ मे

आधी मोजपट्टी. मिश्रण नसलेला साधा रोग किती मारतो हे माहीत नसेल तर मिश्रणाने काय कमावलं, काय गमावलं, हे कळणार कसं?

डेक्स (डेक्स्टेरिटी, चपळाई) १६ ने सुरुवात, हातात रेपियर ही पातळ तलवार. लेव्हल ४ ला डेक्स १८. लेव्हल ५ आणि ६ ला एक वार बसला तर १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) + डेक्सचे ४ + स्नीक अटॅकचे (शत्रूशेजारी मित्र असण्यासारखी अट पुरी झाली की रोगला मिळणारा जादा मार) ३डी६, सरासरी १९. लेव्हल ७ ला चौथा फासा, म्हणजे २२.५. लेव्हल ८ ला डेक्स २०, म्हणजे २३.५. शिवाय २ ला कनिंग ॲक्शन (झटकन पळणं, निसटणं, लपणं), ५ ला अनकॅनी डॉज (बसलेला मार अर्धा), ७ ला इव्हेजन (स्फोटासारख्या माऱ्यातून सुटका). हा चांगला ऐवज आहे. मिश्रण करणारा यातलं काहीतरी उशिरा घेतो किंवा घेतच नाही.

टेबलावर दर वेळी वाद होतो ते नियम पानाच्या डोक्यावरच लिहून टाकले. दोन्ही क्लासच्या किमान अटी पाळायच्या: रोगला डेक्स १३, बार्बेरियनला स्ट्रेंग्थ १३, रेंजरला डेक्स आणि विझ्डम दोन्ही १३. प्रोफिशियन्सी बोनस (पात्राला येणाऱ्या कामांत फाशात मिळवायची भर) एकूण लेव्हलवर चालतो. अबिलिटी स्कोअर (डेक्स, स्ट्रेंग्थसारखा गुण) मात्र त्या-त्या क्लासच्या चौथ्या लेव्हललाच वाढतो, म्हणून ३ + ३ करणारा सहाव्या लेव्हललाही पहिल्या दिवशीच्याच डेक्सवर असतो. दोन क्लासचे एक्स्ट्रा अटॅक (एका ॲक्शनमध्ये दोन वार) एकात एक मिसळत नाहीत. सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचायला टाकायचा फासा) फक्त पहिल्या क्लासचे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लाल पेनने: स्नीक अटॅक दर टर्नला (एकाची पाळी) एकदा. दर राउंडला (सगळ्यांची एकेक पाळी) नव्हे. आपल्या टर्नमध्ये एकदा झाला तरी शत्रूच्या टर्नमध्ये रिॲक्शनने (एखाद्या घटनेला प्रतिसाद म्हणून करायची कृती) वार करता आला, तर तो पुन्हा लागतो. मल्टिक्लास रोगची सगळी मजा या एका ओळीत आहे. रोगकडे वार एकच. दुसरा क्लास त्याला आणखी फासे देईल की नाही यापेक्षा दुसऱ्याच्या टर्नमध्ये हात उचलायची संधी देतो का, हे बघायचं.

८ मे

पानाची रचना. डावीकडे नेहमीचे आकडे, उजवीकडे तीन उभे रकाने: ॲक्शन (टर्नमधली मुख्य कृती), बोनस ॲक्शन (टर्नमधली जादा छोटी कृती), रिॲक्शन. प्रत्येक क्षमता तिच्या रकान्यात. रचना साधी आहे, पण दहा मिनिटांत बरंच काही उघडं पडलं.

रोगचा बोनस ॲक्शनचा रकाना आधीच भरलेला असतो. पळणं, निसटणं, लपणं सगळं तिथेच, आणि दोन हातांत दोन शस्त्रं घेतली तर दुसऱ्या हाताचा वारही तिथेच. त्यात बार्बेरियनचा रेज (संताप: मार वाढतो, खाल्लेला अर्धा होतो), रेंजरचा हंटर्स मार्क (शिकारीवर खूण करणारा मंत्र), फायटरचा सेकंड विंड (दम परत मिळवणं). सगळे एकाच दाराशी रांगेत, आणि टर्नला आत जाणार एकच. रिॲक्शनचा रकाना मात्र लेव्हल ५ पर्यंत जवळजवळ मोकळा असतो. म्हणजे जोडीचा क्लास शोधायचा तो मोकळ्या रकान्यात भर घालणारा.

११ मे

पहिलं पात्र: भिंगरी. रोग (स्वॉशबकलर) + फायटर (बॅटल मास्टर). कंसात त्या क्लासचा उपप्रकार, तो तिसऱ्या लेव्हलला मिळतो.

हे जमतं ते बॅटल मास्टरच्या रिपोस्ट या डावपेचामुळे. शत्रूचा जवळून केलेला वार हुकला की रिॲक्शन वापरून उलट वार करायचा आणि सुपीरिऑरिटी फासा (डावपेचांसाठीचा खास फासा) नुकसानीत मिळवायचा. तो शत्रूचा टर्न असतो, त्यामुळे स्नीक अटॅक पुन्हा लागू. स्वॉशबकलरला तर शेजारी मित्र उभा असण्याचीही गरज नाही. समोरचा एकटाच जवळ असला की पुरे.

प्रश्न क्रमाचा होता. प्रचलित आराखडा रोग ३, फायटर ३ असा जातो. आमच्या मोहिमेत तो पाचव्या लेव्हलला मार खातो. पाचव्या लेव्हलला फायटर दोनदा वार करायला लागतो, विझर्ड फायरबॉल टाकायला लागतो, आणि भिंगरीला काय मिळणार तर ॲक्शन सर्ज (एका टर्नमध्ये आणखी एक ॲक्शन). तोही रोगला वाटतो तितका उपयोगी नाही. त्याच टर्नमध्ये दुसरा वार केला तर स्नीक अटॅक नाही, नुसते १डी८ + डेक्स. सर्जची खरी मेख वेगळी आहे: पहिल्या ॲक्शनने वार, दुसऱ्याने 'रेडी', अट अशी की हा अमुक शत्रू हलला की मी मारणार. तो हलला की त्याचा टर्न, आपली रिॲक्शन, स्नीक अटॅक पुन्हा. एका विश्रांतीत एकदाच, पण चांगला बसतो.

तर क्रम ठरला: आधी रोग ५, मग फायटर ३. पाचव्या लेव्हलला तिसरा फासा आणि अनकॅनी डॉज हातात. पण मग बॅटल मास्टर येतो थेट आठव्याला, मोहीम संपता संपता. इथे 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' या २०२० च्या पूरक पुस्तकातली सुपीरियर टेक्निक ही फायटिंग स्टाइल कामी आली. फायटरच्या पहिल्याच लेव्हलला एक डावपेच आणि एक डी६ फासा. डावपेच म्हणून रिपोस्ट घ्यायचा. म्हणजे सहाव्या लेव्हलपासून दर शॉर्ट रेस्टला (छोटी विश्रांती) एकदा उलट वार: १डी८ + ४ + ३डी६ + १डी६, सरासरी २२.५. बदल्यात ड्युएलिंग या दुसऱ्या स्टाइलचं नुकसानीतलं +२ सोडावं लागतं. सोडलं.

१४ मे

भिंगरीची चाचणी, लेव्हल ६. समोर ओगर हा राक्षस: एसी (आर्मर क्लास, वार लागायला वीस बाजूंच्या फाशाने गाठायचा आकडा) ११, हिट पॉइंट (शिल्लक जीव) ५९, गदेचा वार फाशात +६, बसला तर २डी८ + ४, सरासरी १३.

भिंगरीचा एसी स्टडेड लेदरच्या चिलखताने १६. ओगरला १० किंवा वर हवेत, म्हणजे ५५ टक्के वेळा लागणार. फायटरची एक लेव्हल घेतली की ढालही वापरता येते. एसी १८, ओगरला १२ हवेत, लागण्याची शक्यता ४५ टक्के. आता रिॲक्शनचा रकाना बघा. लागला तर अनकॅनी डॉज, तेराचे सहा. हुकला तर रिपोस्ट. एकीला ट्रिगर वार बसण्याचा, दुसरीला हुकण्याचा. दोन्ही कधीच भांडत नाहीत आणि रिॲक्शन वाया जात नाही. ढालीमुळे हुकण्याचं प्रमाण ४५ वरून ५५ वर गेलं, म्हणजे ढालीने मार वाढवला. हे बचावाच्या रकान्यात शोधून सापडलं नसतं.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्रत्यक्ष फासे टाकले. पहिल्या राउंडला भिंगरीचा वार बसला, ओगरचा ७ पडला, हुकला, रिपोस्ट: रेपियरला ६, स्नीकला ५, ३, ४, सुपीरिऑरिटीला २, वर डेक्सचे ४. चोवीस. तोही त्याच्याच टर्नमध्ये. बाबा शेजारी शेंगा सोलत होते, म्हणाले, "त्याची पाळी ना? मग तू का मारतेस?" नियम समजावून सांगितला तर म्हणाले, "मग बरोबर आहे." डीएमपेक्षा लवकर पटलं त्यांना.

आठव्या लेव्हलचा हिशेब: आपल्या टर्नला १९, साध्या रोगचे २३.५. डेक्स एकने मागे, इव्हेजन नाही. पण रिपोस्टचे फासे आता एक डी६ आणि चार डी८, आणि डी८ वाला उलट वार बसला तर त्याची सरासरीही २३.५. सौदा चांगला आहे, फक्त शत्रू जवळ येऊन मारणारा हवा. धनुर्धाऱ्यांसमोर भिंगरी म्हणजे जरा कमी मारणारा रोग.

१७ मे

काजळी: रोग + वॉरलॉक (करारातून जादू मिळवणारा). डेव्हिल्स साइट (जादूच्या अंधारातही दिसण्याची शक्ती) घ्यायची, डार्कनेस हा अंधाराचा मंत्र टाकायचा, त्या अंधारात फक्त आपल्याला दिसणार. ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून वरचा धरायचा) कायमचा, आणि त्यामुळे स्नीक अटॅक कायमचा. कागदावर झकास. प्रत्यक्षात १५ फूट त्रिज्येचा काळा गोळा, ज्यात आपला फायटर आंधळा, क्लेरिकला कुणाला बरं करायचं ते दिसत नाही आणि विझर्ड फोन बघत बसतो. रद्द.

१९ मे

दांडगट. बार्बेरियन + रोग. हे मामेभावासाठी. तो बारावी संपवून पहिल्यांदाच आमच्यात खेळायला येतोय.

लोकांना हे मिश्रण विसंगत वाटतं, पण नियम नीट वाचा. स्नीक अटॅकला शस्त्र फिनेस (डेक्स किंवा स्ट्रेंग्थ, कशानेही चालणारं) किंवा लांबून मारायचं हवं; वार डेक्सनेच करा असं कुठेही लिहिलेलं नाही. रेपियर स्ट्रेंग्थने चालवला की रेकलेस अटॅक (बार्बेरियनचा बेफाम, ॲडव्हांटेज देणारा वार) लागू, रेजचं +२ लागू आणि ॲडव्हांटेज असल्यामुळे स्नीक अटॅकही लागू. ६५ टक्के लागणारा वार ॲडव्हांटेजने जवळजवळ ८८ टक्के लागतो. क्रिटिकल (फाशावर २० पडलेला, दुप्पट फाशांचा वार) ५ वरून पावणेदहा टक्क्यांवर जातो, आणि क्रिटिकलला स्नीकचे फासेही दुप्पट. किंमत: शत्रूलाही आपल्यावर ॲडव्हांटेज. ती रेजच्या अर्ध्या नुकसानीने बरीचशी भरून निघते.

माझा क्रम होता बार्बेरियन ५, मग रोग ३. पाचव्याला एक्स्ट्रा अटॅक, कुणाच्या मागे पडायचं नाही. पान मामेभावाला दाखवलं. म्हणाला, "ताई, म्हणजे पाच लेव्हल मी चोर नाहीच?"

"नाहीस. पण दोनदा मारशील."

"मला दारं फोडायची नाहीयेत गं. कुलपं उघडायची आहेत. नाही उघडलं तर मग फोडीन."

हे वाक्य म्हणजेच ते पात्र आहे, त्यामुळे क्रम पुन्हा मांडला: पहिली लेव्हल रोग, मग बार्बेरियन ५, मग रोगच्या दोन. हिट पॉइंट किती जातात ते पाहिलं. बार्बेरियन आधी धरला तर आठव्याला १२ + २८ + १५ = ५५, रोग आधी धरला तर ८ + १० + ३५ = ५३, कॉन्स्टिट्यूशन दोन्हीकडे सारखंच. फरक दोनचा! एवढ्यासाठी लोक 'आधी बार्बेरियनच' म्हणून टेबल डोक्यावर घेतात. खरा फरक सेव्हिंग थ्रोचा, स्ट्रेंग्थ-कॉन ऐवजी डेक्स-इंट (इंटेलिजन्स). पण बार्बेरियन २ ला डेंजर सेन्स येतो, डोळ्यांदेखत येणाऱ्या संकटांना डेक्स सेव्हवर ॲडव्हांटेज, त्यामुळे डेक्सची प्रोफिशियन्सी तिथे दुहेरी उपयोगी पडते. मीडियम आर्मर मात्र मिळत नाही.

एक्सपर्टीज (निवडलेल्या कौशल्यांत प्रोफिशियन्सी बोनस दुप्पट) पहिल्याच दिवशी: एक ॲथलेटिक्सला, दुसरं थीव्ह्ज टूल्सना. कुलूप आणि फोडाफोड, दोन्ही सोय झाली. एक्स्ट्रा अटॅक सहाव्याला येईल, चालेल. पाचव्याला स्ट्रेंग्थ १८ मिळते, अगदीच कोरडं जात नाही.

२२ मे

'आधी रोगची एक लेव्हल घ्या' हा सल्ला जुना आहे आणि त्याचं मूळ बघण्यासारखं आहे. रोगचा पूर्वज थीफ हा क्लास १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत आला. १९७८ च्या ॲडव्हान्स्ड नियमांत मानवेतरांना एकाच वेळी दोन-तीन क्लास घेता यायचे, अनुभवाचे गुण सगळ्यांत वाटून. माणसांना एक क्लास सोडून दुसऱ्यात जावं लागे. त्या काळचा बार्ड (शाहीर) तर आधी फायटर, मग थीफ, आणि मग कुठे बार्ड. आजच्या आराखड्यांचा पणजोबाच.

लेव्हलगणिक हवा तो क्लास घ्यायची मोकळीक २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. तिथे रोगला दर लेव्हलला ८ + इंट कौशल्यगुण आणि पहिल्या लेव्हलला त्याच्या चौपट. साहजिकच जो तो पहिली लेव्हल रोगची घ्यायचा. चौपट कधीच गेली, सल्ला उरला. पाचव्या आवृत्तीत त्याला आधार एवढाच: पहिला क्लास रोग असला तर चार कौशल्यं, नंतर घेतला तर एक. एक्सपर्टीज मात्र केव्हाही घ्या, मिळतंच.

२५ मे

घुबड. रेंजर (ग्लूम स्टॉकर) ५ + रोग ३. मागणी होती रोगच्या असॅसिन (मारेकरी) उपप्रकाराची.

आठव्या लेव्हलचा पहिला राउंड मांडला. शत्रू बेसावध, डेक्स १८, लाँगबो. एक्स्ट्रा अटॅकचे दोन बाण, ग्लूम स्टॉकरच्या ड्रेड ॲम्बुशर या क्षमतेचा तिसरा. बेसावधावर असॅसिनचा प्रत्येक वार क्रिटिकल: बाणागणिक २डी८ + ४, सरासरी १३, तिघांचे ३९. ड्रेड ॲम्बुशरचा जादा डी८ दुप्पट होऊन ९. स्नीक ४डी६, १४. एकूण ६२, सगळे बाण लागले तर. दुसऱ्या राउंडला तेच पात्र २४ वर.

आता अडचणी. शत्रूची इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम ठरवणारा आकडा) आपल्यापेक्षा वर आली तर त्याचा टर्न न हलता जातो, पण तो टर्न संपला की तो बेसावध राहत नाही आणि क्रिटिकल गेले. ग्लूम स्टॉकर विझ्डम इनिशिएटिव्हमध्ये धरतो, त्याने हे थोडं सावरतं. त्याहून मोठी अडचण: शत्रूला आपल्यातल्या एकाची जरी चाहूल लागली तरी तो बेसावध नाही. आमच्या टोळीत प्लेट आर्मर घालून खणखणत चालणारा पॅलाडिन आहे. रेंजर ५ ला पास विदाउट ट्रेस येतं, सगळ्या टोळीला स्टेल्थवर +१०, पण तो मंत्र दर दारापाशी खर्च करायचा का?

डीएमचा आक्षेप वेगळा आणि मला पटलेला: जमलं तर एक जण खेळतो आणि चौघे बघतात, नाही जमलं तर तो एक जण रुसून बसतो. २०२४ च्या नियमांत बेसावध असणं म्हणजे फक्त इनिशिएटिव्हला डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला खालचा धरायचा) आणि असॅसिनचा हमखास क्रिटिकलही काढला आहे, यावरून हा आक्षेप फक्त आमच्या डीएमचा नसावा.

असॅसिन काढून स्काउट हा रोगचा दुसरा उपप्रकार घातला. शत्रू पाच फुटांत येऊन टर्न संपवतो तेव्हा रिॲक्शनने अर्धा वेग सरकायचं, संधीचा वार न खाता. रिॲक्शनचा रकाना भरला आणि बोनस ॲक्शन हंटर्स मार्कला मोकळी. शिवाय नेचर आणि सर्व्हायव्हल दोन्हींत एक्सपर्टीज फुकट. पहिल्या राउंडचे ६२ गेले, पण पुढच्या प्रत्येक राउंडला करण्यासारखं काहीतरी आलं.

२९ मे

तिन्ही पात्रांची लेव्हल १ ते ४ ची पानं छापली. पुढची मुद्दाम छापली नाहीत. चौथ्यापर्यंत खेळून झाल्यावर कुणाला वाट बदलायची असेल तर कागद आड यायला नको.

१ जून

पहिला खेळ. लेव्हल १ ला तिघांचा गोंधळ नाही. भिंगरी आणि दांडगट अजून शुद्ध रोग, घुबड शुद्ध रेंजर. दांडगटाने पहिलं कुलूप उघडलं. दुसरं उघडलं नाही.

१५ जून

लेव्हल २. दांडगट आता रोग १, बार्बेरियन १. पडक्या वाड्यात चार गॉब्लिन. गॉब्लिन हा रोगसारखाच छळतो. निंबल एस्केपने बोनस ॲक्शनमध्ये निसटणं किंवा लपणं, एक बाण मारून पुन्हा भिंतीआड. दांडगटाने रेज केला आणि दारातल्या गॉब्लिनला डाव्या हाताने धरलं. ॲथलेटिक्स +७, रेजमुळे ॲडव्हांटेजसह. धरलेल्याचा वेग शून्य, मग निसटून जाणार कुठे? आणि दांडगट पाच फुटांत उभा, म्हणून भिंगरीला स्नीक अटॅक आपोआप. सात हिट पॉइंटचा गॉब्लिन एका वारात गेला. दोन रोग एकमेकांशेजारी उभे राहिले की एकमेकांची अट पुरी करतात, हे पानावर लिहायला हवं होतंच, लिहिलं.

सहाव्या लेव्हलनंतर हेच आणखी वाढेल: एका वाराऐवजी धरायचं, दुसऱ्याऐवजी पाडायचं. धरलेला उठू शकत नाही, पडलेल्यावर जवळून मारणाऱ्या प्रत्येकाला ॲडव्हांटेज, आणि दांडगटाला रेकलेस करून स्वतः उघडं पडायची गरजच नाही. ॲथलेटिक्स तेव्हा +१०.

भिंगरीवाली विचारत होती, ढाल लवकर हवी म्हणून फायटरची एक लेव्हल तिसऱ्यालाच घेऊ का? तिसऱ्याला स्वॉशबकलर येतो, तो चौथ्यावर जाईल, अनकॅनी डॉज सहाव्यावर. रिपोस्ट मात्र तिसऱ्यापासून. तिला दोन्ही क्रमांची पानं देते, तिचं तिने ठरवावं. मला स्वतःला रोग ५ आधी हेच पटतं.

पुढच्या वेळेआधी: घुबडच्या तिसऱ्या पानावर 'पूर्ण अंधारात डार्कव्हिजनवर (अंधारात दिसणाऱ्या दृष्टीवर) विसंबणाऱ्यांना मी अदृश्य' ही ओळ ठळक करायची आणि पॅलाडिनला मशाल घेऊन त्याच्यापासून लांब चालायला सांगायचं.